तिसरीचा खणखणीत वर्ग

शाळेत पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला तिसरीचा वर्ग कुठे आहे हे कुणाला विचारावं लागत नसे. आवाजाच्या रोखाने चालत राहायचं, की झालं. पहिलीतला गलका, दुसरीतले पाढे आणि चौथीच्या सरांचा अधूनमधून होणारा आरडाओरडा मागे टाकला, की व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीला लागून असलेल्या खोलीत एखादं पोर धडा वाचत असे. तो धडा रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्याला शब्दन् शब्द ऐकू येई. सायकलवाल्याला तिसरीचं पुस्तक तोंडपाठ होतं. एका वर्षी पुस्तक बदललं, तेव्हा तो हातातला पाना न ठेवताच फाटकाशी आला होता. "बाई, जुनं बरं होतं हो. ह्यात काही गंमत नाही."

ही सगळी करणी तिसरीच्या बाईंची. ठेंगण्या, गुबगुबीत, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या आणि दोन्ही हात खडूने माखलेले. वाचून घेण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. वाचणाऱ्या मुलाने मागच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, बाई फळ्यापाशी, आणि मधे सगळा वर्ग. "शब्द चावायचा नाही, गिळायचा तर मुळीच नाही! तोंड उघडायचं आणि तो माझ्यापर्यंत पोचवायचा!" पोचला नाही तर बाई हात वर करून म्हणत, "पुन्हा!" त्या रागावत नसत, पण सोडतही नसत. वर्षाच्या सुरुवातीला आईच्या मागे लपणारी पोरं सहामाहीपर्यंत अशी वाचू लागत, की भर बाजारात उभी केली तरी मागे हटणार नाहीत. एका भाजीवालीने तर आपल्या मुलीला सुट्टीत खरोखरच गाडीवर उभं केलं आणि खप वाढला म्हणून बाईंना पिशवीभर वांगी आणून दिली.

मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, यांना बाईंचा फार अभिमान. सरांना उपक्रमांचा भारी सोस. फाटकाजवळ एक मोठा फळा लावून त्यावर त्यांनी शाळेचे सगळे उपक्रम रंगीत खडूंनी लिहिले होते. 'एक मूल, एक रोप' होतं; त्यातली रोपं शेजारच्या शेळ्यांनी फस्त केली. 'हसतखेळत गणित' होतं; त्यात फक्त सर हसत. 'बिनदप्तराचा शनिवार' मात्र तुफान चालला, कारण मुलं दप्तराबरोबर स्वतःलाही घरीच ठेवत. एवढं करूनही शाळेची श्रेणी काही 'क'च्या वर सरकत नव्हती. गणितात शाळा रडतखडत, लेखनात बेताची. वाचनात मात्र तिसरीचा वर्ग आसपासच्या सगळ्या शाळांना भारी पडे आणि त्याच्याच जोरावर एक ना एक दिवस 'ब' मिळेल, अशी सर आस लावून बसले होते. म्हणून बाईंच्या पद्धतीचंही त्यांनी बारसं करून टाकलं होतं आणि ती फळ्यावर सगळ्यात वर चढवली होती, 'खणखणीत वाचन'.

खरी गोष्ट अशी, की त्यात उपक्रम वगैरे काही नव्हता. बाईंना ऐकू येत नव्हतं.

डावा कान तर कामातून गेलाच होता आणि उजवाही त्याच वाटेने निघाला होता. हे काही एका दिवसात झालं नाही. आधी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक गेली, मग चहा उतू जाताना होणारी फसफस, मग मागच्या बाकांवरची कुजबुज. या शेवटच्या गोष्टीने तर बाई सुरुवातीला खूशच झाल्या होत्या. वर्ग किती शहाणा झालाय म्हणून त्यांनी सगळ्यांना एकेक गोळीसुद्धा वाटली होती.

कळल्यावर मात्र बाईंनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. शिक्षकांच्या खोलीत त्यांची खुर्ची ठरलेली, डावी बाजू भिंतीला. समोरचा हसला की हसायचं, त्याने चेहरा लांब केला की "अरेरे" म्हणायचं आणि काही केल्या अंदाज येईना, की गंभीरपणे मान डोलवायची. अशाच एका सभेत मान डोलवल्यामुळे शाळेच्या स्वच्छतागृह समितीचं अध्यक्षपद त्यांच्या गळ्यात पडलं होतं. परगावी राहणाऱ्या मुलीचा फोन आला, की बाई एकट्याच बोलत, श्वाससुद्धा न घेता, आणि "चल, ठेवते, कामं पडलीयेत" म्हणून ठेवून देत. आईच्या बोलण्याला वयाबरोबर जोर चढत चाललाय, असं मुलीने नवऱ्याला सांगून ठेवलं होतं.

घरात तर काहीच अडचण नव्हती. यजमान बसचालक होते. आयुष्यभर इंजिनाच्या वरताण बोलून त्यांचा आवाज जो वर गेला, तो निवृत्तीनंतरही खाली उतरला नाही. ते जेवताना "मीठ दे" म्हणाले, तर शेजारीण मीठ घेऊन दारात उभी राहील अशी परिस्थिती. पण माणूस भोळा नव्हता.

"अगं, ते यंत्र लावून घे ना कानाला," ते अधूनमधून म्हणत.

"हळू बोला, शेजारी ऐकतील!"

"ऐकू देत. त्यांना ऐकू येतंय, म्हणून त्यांना यंत्र नको. तुला हवंय."

"अहो, यंत्र लावलं की ते दिसणार. दिसलं की वर कळणार. आणि वर कळलं, की माझा दुसरीच्या गुरुजींसारखा निकाल लागणार. तुमचं आपलं एकच टुमणं!"

दुसरीचे गुरुजी बाईंच्या बरोबरीचे. त्यांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांनी सरळपणे वर कळवलं होतं. वरच्या कार्यालयाने फार हळहळ व्यक्त केली आणि त्यांना वर्गातून उचलून कार्यालयातच बसवलं, पाकिटांवर शिक्के मारायला. बाई एकदा त्यांना भेटून आल्या. बिनखिडकीची खोली, समोर पाकिटांचा ढीग, आणि गुरुजी अगदी नीटनेटके, शर्टावर खडूचा कणही नाही. "छान आहे इथे," ते म्हणाले, "दिवसभरात कुणी पडत नाही, कुणी रडत नाही, कुणी माझ्या नावाने हाका मारत नाही." आणि त्यांनी तोंड फिरवलं. बाई घरी येऊन कितीतरी वेळ चपलासुद्धा न काढता बसून राहिल्या होत्या. वर्ग गेला तर आपलं काय उरेल, ही भीती तेव्हापासून त्यांच्या मनात ठाण मांडून बसली. निवृत्तीला अजून काही वर्षं होती आणि ती त्यांना तिसरीतच काढायची होती, पाकिटांत नाही.

हे गुपित आपल्याला आणि यजमानांनाच ठाऊक आहे, असा बाईंचा पक्का समज होता. पण पोरांपासून काय लपतंय! दुसरीतून तिसरीत जाणाऱ्या प्रत्येकाला घरातली ताई नाहीतर दादा आदल्या दिवशी कोपऱ्यात घेऊन बजावत असे, "बाईंच्या उजव्या बाजूने बोलायचं. तोंड दाखवून बोलायचं. आणि त्यांना ऐकू येत नाही हे त्यांना कळू द्यायचं नाही हं, त्यांना वाईट वाटतं." असं करत करत ही शिकवण वर्षानुवर्षं खाली झिरपत आली होती आणि आजवर एकाही पोराने बाहेर चकार शब्द काढला नव्हता.

ज्या मुलीला हे कुणीच सांगितलं नाही, ती होती नवी.

नवी हे काही तिचं नाव नव्हे. ती वर्षाच्या अधेमधे दुसऱ्या शाळेतून आली म्हणून पोरं तिला नवी म्हणू लागली आणि जुनी झाली तरी ती नवीच राहिली. तिला ना ताई, ना दादा. आई कपड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला जायची आणि दिवसा झोपायची. मायलेकींची खोली एकच, त्यामुळे नवीला दार लोटायचं ते आवाज न करता, भांडं ठेवायचं ते आवाज न करता आणि बोलायचं ते जेमतेम ओठ हलवून, अशी सवय लागली होती. मागच्या भिंतीपाशी ती पुस्तक तोंडासमोर धरून उभी राहायची. बाई हात वर करायच्या, "पुन्हा, बाळा! मोठ्याने!" नवी आणखी हळू व्हायची. तिसऱ्या "पुन्हा"ला ती गप्पच होऊन जायची.

बाईंनी हिशेब केला, पोरीला वाचता येत नाही. नव्या शाळेत लाजते, झाकून नेते. बाईंना तिची खरोखर माया वाटली. शाळा सुटल्यावर मागे पडलेल्या मुलांचा जादा वर्ग असे, तोही बाईच घेत, आणि त्यात त्यांनी नवीला बसवलं. पहिलीचं चित्रांचं पुस्तक तिच्या हातात दिलं. हे घर. हा मासा. ही मोठी बोट. नवी पुस्तकाकडे बघायची, मग बाईंकडे बघायची, ओठ थोडे हलवायची. बाई मान हलवून स्वतःच वाचून दाखवायच्या, बोट अक्षरांवर ठेवून, अगदी सावकाश. महिने गेले. नवी त्याच मोठ्या बोटीवर अडकून पडली होती. तिच्या आईलाही बाईंनी बोलावून घेतलं, "काळजी करू नका, मी सोडणार नाही तिला." आई झोपाळलेल्या डोळ्यांनी "बरं बाई" म्हणून गेली.

अशात वाचनाच्या तपासणीची तारीख येऊन ठेपली.

तपासणीच्या मॅडम उंच, सडपातळ आणि कमालीच्या शिस्तीच्या. सगळ्या शाळेला एकच उतारा होता, विहिरीत पडलेल्या बादलीची गोष्ट. पहिलीने पहिली ओळ वाचायची, दुसरीने पहिला परिच्छेद, तिसरी आणि चौथीने सगळा. मॅडम सभागृहात टेबल मांडून बसल्या आणि सगळी शाळा बाहेर व्हरांड्यात रांगेने बसली. सरांनी मोठ्या चतुराईने तिसरीला पहिला नंबर दिला. आपला हुकमी एक्का आधी टाकावा, मॅडम खूश होतील आणि त्या खुशीत बाकीचे तरून जातील, असा त्यांचा डाव होता.

डाव फारच चालला. तिसरीची मुलं शिकवल्याबरहुकूम वाचू लागली. बादली विहिरीत पडली ती सगळ्या व्हरांड्यात पडली. दोर तुटला तो फाटकापर्यंत ऐकू गेला. एकामागून एक मुलं तोच उतारा त्याच खणखणीत आवाजात वाचत राहिली आणि बाहेर बसलेल्या पोरांना दुसरं काही कामच नव्हतं. तिसरीचे थोडेच उरले असताना सरांना वाटलं, आता लोखंड तापलंय. त्यांनी तिसरीतली कच्ची मुलं मागे ठेवून इतर वर्ग आत सोडले. नवी कच्च्यांतच होती, तीही मागे राहिली.

दुसरी फाडफाड वाचून गेली. चौथी वाचून गेली. मग पहिलीतला एक टिल्लू आत आला, त्याने कागद उलटा धरला आणि एक ओळ वाचायची सोडून अख्खी गोष्ट शेवटपर्यंत वाचून दाखवली. मॅडमनी त्याच्या हातातला कागद सुलटा केला. त्याने पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, कागदाकडे न बघता. शिवाय मॅडमच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली होती. सकाळी तिसरीतल्या एका मुलीला "बादली बुडाली" या शब्दांनंतर खोकला आला होता. तेव्हापासून निम्मी शाळा "बादली बुडाली" म्हणून थांबत होती, खोकत होती आणि मग पुढे वाचत होती.

"सर," मॅडम म्हणाल्या, "हा काय प्रकार आहे?"

सरांची बोबडी वळली. "मॅडम, देवाशपथ, आम्ही कुणी काही शिकवलेलं नाही."

"मग ही तिसरीची मुलं एवढ्या मोठ्याने का वाचतात?"

"तो... तो उपक्रम आहे," सर म्हणाले आणि त्यांनी फाटकाजवळच्या फळ्याकडे बोट दाखवलं.

मॅडमनी सगळं रद्द केलं. उद्या पुन्हा तपासणी. बंद खोलीत, एकेक मूल, प्रत्येकाला वेगळा उतारा. वर्गशिक्षकांनी कोपऱ्यात बसायचं आणि ओठ शिवून बसायचं. फसवाफसवी निघाली, तर शेऱ्यात तसं स्पष्ट लिहिलं जाईल. दारात उभ्या असलेल्या बाईंनी हे सगळं मॅडमच्या ओठांवरून आणि सरांच्या उतरलेल्या चेहऱ्यावरून जुळवलं. "का वाचतात" हा प्रश्नही त्यांना कळला होता. सरांनी उपक्रमाचं नाव घेतल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. यजमानांना त्या संध्याकाळी म्हणाल्या, "आज थोडक्यात वाचले बघा." ते म्हणाले, "तू वाचलीस, आता उद्या पोरं वाचतील," आणि स्वतःच्या विनोदावर एवढ्या मोठ्याने हसले, की शेजारीणही हसली.

दुसऱ्या दिवशीची खोली खेळाच्या सामानाची होती. निम्मे फुगलेले चेंडू, उड्या मारायच्या दोऱ्यांचा गुंता, एक मोडका जाळीचा खांब आणि त्यांतून जागा करून मांडलेलं टेबल. मॅडमच्या शेजारी मुलाची खुर्ची. खिडकीजवळच्या स्टुलावर बाई. दार लावून घेतलं होतं आणि दाराबाहेर सर येरझाऱ्या घालत होते.

पहिल्याच मुलाने असा सूर लावला, की मॅडमनी खुर्ची मागे सरकवली.

"बाळ, मी इथेच बसलेय."

"हो मॅडम!" पोराने तेवढ्याच जोरात उत्तर दिलं आणि वाचन पुढे चालू केलं.

पण वाचन खरं होतं. उतारा नवा, कधी न पाहिलेला, आणि तरी पोरं अडखळत नव्हती. दोन, तीन, पाच पोरं झाली, तशी मॅडमच्या कपाळावरची आठी सैल होत गेली. बाई स्टुलावर फुलून आल्या होत्या. ही आपली पोरं, कुणी काही म्हणो, ही वाचणारी पोरं आहेत, असं त्यांना वाटत होतं.

शेवटी नवी राहिली. सरांनी दार किलकिलं करून बाईंना बाहेर बोलावलं आणि त्यांच्यासमोर उभं राहून हातवारे करत म्हणाले, "बाई, त्या मुलीला घरी पाठवू या का? पोट दुखतंय म्हणून? सगळं छान चाललंय, उगाच शेवटी माशी शिंकायला नको."

"नको," बाई म्हणाल्या. "तिला काय वाटेल? वाचू दे जमेल तेवढं. मी बसलेय ना तिथे."

नवी आत आली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली. मॅडमनी तिला कागद दिला. बाईंनी तिच्याकडे बघून हसून धीर दिला आणि मग त्या अवघडून खिडकीबाहेर बघू लागल्या. पोरीचे हाल त्यांना बघवणार नव्हते.

जरा वेळाने त्यांनी मान वळवली. खोलीत आवाज नव्हता. निदान बाईंना तरी नव्हता. मॅडम पुढे झुकल्या होत्या. अडकली बिचारी, बाईंच्या मनात आलं. तेवढ्यात मॅडमनी कागद उलटला. मग तो बाजूला ठेवला आणि गठ्ठ्यातून दुसरा काढला. चौथीचे उतारे पिवळ्या कागदावर होते, हा पिवळा होता. नवीने तो टेबलावरच पुढे ओढला. मॅडमनी पेन खाली ठेवलं, हनुवटी तळहातावर टेकवली आणि त्या नुसत्या ऐकत राहिल्या. एका जागी त्यांना हसू आलं. पुढे एका जागी त्यांच्या भुवया वर गेल्या, गोष्टीत काहीतरी विपरीत घडल्यासारख्या.

बाईंनी नवीच्या ओठांकडे पाहिलं. वर्गात त्या ओठांसमोर नेहमी पुस्तक असायचं आणि जादा वर्गात ते जेमतेम हलायचे. आज कागद टेबलावर होता. ओठ चालले होते. वाक्य संपलं की टेकत होते, प्रश्न आला की जरासे वर उचलले जात होते, आणि कुणीतरी कुणावर रागावलं असावं, कारण नवीचं नाकसुद्धा फेंदारलं. असं वाचन बाईंनी आपल्या वर्गात कधी बघितलंच नव्हतं. त्यांची पोरं आवाज पोचवायची. ही पोरगी गोष्ट सांगत होती.

हे घर, हा मासा, ही मोठी बोट. ज्या मुलीला चौथीचा उतारा असा वाचता येतो, तिच्यासमोर आपण रोज बोट अक्षरावर ठेवून पहिलीचं पुस्तक वाचत होतो. रोज सगळी मुलं खेळायला गेल्यावर. आणि तिच्या झोपाळलेल्या आईला बोलावून काळजी करू नका म्हणालो. बाईंना इतकी शरम वाटली, की स्टुलावरून उठून पळून जावंसं वाटलं.

मॅडमनी नवीच्या पाठीवरून हात फिरवून तिला बाहेर पाठवलं आणि बाईंकडे वळल्या. "बाई, ही तुमच्या जादा वर्गात कशी? तुमच्या सगळ्या वर्गात हिच्याइतकं चांगलं कुणी वाचलं नाही."

दारातून आत डोकावणाऱ्या सरांनी तत्परतेने उत्तर दिलं, "भिडस्त आहे हो मॅडम ती. वर्गात तोंडच उघडत नाही. बाईंनी तिचा भिडस्तपणा घालवायला किती खस्ता खाल्ल्या!"

"हं, भिडस्त," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेन उचललं.

सगळं सुटत होतं. बाईंनी नुसती मान डोलवली असती, तरी पुरे होतं. शाळेला शेरा चांगला मिळाला असता, वर्ग आपल्याकडे राहिला असता, नवी उद्यापासून जादा वर्गातून सुटली असती. फक्त तिच्या नावापुढे भिडस्त असं लिहिलं गेलं असतं.

"ती भिडस्त नाही," बाई म्हणाल्या. "ती रोज वाचत होती. मला ऐकू येत नाही."

सर घाईघाईने पुढे आले. "बाईंना आज जरा सर्दी..."

"सर्दी नाही, सर. डावा कान गेलाय. उजव्याने थोडं येतं, जोरात बोललं तर. म्हणून मी पोरांना ओरडायला लावते. तो उपक्रम नाही."

"उपक्रम आहे," सर क्षीण आवाजात म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा फाटकाजवळचा फळा होता.

मॅडम खाली बघून काहीतरी लिहीत होत्या आणि लिहिता लिहिता काहीतरी बोलल्या. बाईंनी वाट बघितली. मग म्हणाल्या, "मॅडम, खाली बघून बोललात तर मला कळत नाही."

मॅडमनी मान वर केली. "म्हटलं, हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा."

"इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"वर्ग काढून घेतला असता. अजूनही घेतील. घेऊ देत. पण ह्या पोरीचं वर्ष माझ्यामुळे फुकट गेलं, ते तुम्ही माझ्या नावावर लिहा, तिच्या नाही."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग प्रत्येक शब्द सुटा करत, तोंड नीट दाखवत बोलल्या, "वर्ष संपेपर्यंत वर्ग तुमच्याकडेच राहील, तेवढं माझ्या हातात आहे. त्याआधी कानाला यंत्र लावून घ्यायचं. पुढचं काय ते, यंत्र लावल्यावर तपासून ठरवतील. बाकी मुलं छान वाचतात, तेही लिहिणार आहे. आणि सर, तुम्ही त्या सगळ्या पोरांच्या घरी जरा खोकल्याचं औषध द्यायला सांगा."

सर हसावं की नाही या विचारात तसेच उभे राहिले. बाई उठल्या आणि बाहेर आल्या.

व्हरांडा मोकळा होता. मधल्या सुट्टीचा दंगा मैदानात चालला होता. नवी एकटीच पायरीवर बसून होती, मांडीवर तेच चित्रांचं पुस्तक, कारण जादा वर्गाला ते आणायचं असं तिला सांगितलेलं होतं. बाई धप्पकन तिच्या शेजारी बसल्या.

"बाळा," त्या म्हणाल्या, "मला कानांनी नीट ऐकू येत नाही. तू वाचायचीस, ते मला ऐकूच यायचं नाही. मला वाटायचं, तुला वाचता येत नाही. चूक माझी होती, तुझी नाही. कळलं?"

नवीचे ओठ हलले.

"ऐकू नाही आलं, बाळा. काय म्हणालीस?"

नवी उठली, तिने बाईंच्या दोन्ही बाजूंना एकदा बघितलं आणि आपले दोन्ही कान बोटांनी दाखवून खुणेने विचारलं, कोणता? बाईंनी उजव्या कानाला हात लावला. नवी त्या बाजूला आली, तिने दोन्ही हातांची ओंजळ बाईंच्या कानाभोवती धरली आणि म्हणाली,

"मला वाटायचं, तुम्हाला माझं वाचलेलं आवडत नाही."

बाईंनी तिला जवळ ओढून घेतलं. चित्रांचं पुस्तक त्यांनी मागे सारलं आणि आतून चौथीचं पुस्तक मागवलं. शाळा सुटली, पोरं ओरडत घरी गेली, सरांनी व्हरांड्यात दोनदा खाकरून बघितलं, तरी बाई पायरीवरून उठल्या नाहीत. उजवा कान नवीच्या तोंडाशी धरून, डोळे मिटून, त्या ऐकत बसल्या होत्या.